शिक्षेची कठोरता आणि शिक्षेनंतरचा माणूस

आपण विचारलेले प्रश्न दोन आहेत आणि माझ्या मते ते एकमेकांपासून वेगळे काढता येणार नाहीत. पहिला असा, की आपल्या तालुक्यात एका लहान मुलीवर झालेल्या अत्याचारानंतर जो मोर्चा निघाला त्यात आपणही होता, तिथे आरोपीला फाशी देण्याची मागणी झाली, आणि तेव्हापासून कैद्यांच्या सुधारणेची भाषा आपल्याला पीडितांच्या जखमेवर मीठ चोळणारी वाटते. दुसरा असा, की आपल्या गावातील एक माणूस बांधाच्या भांडणातून केलेल्या खुनी हल्ल्याबद्दल सात वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा भोगून येत्या दिवाळीआधी सुटणार आहे, त्याची सात वर्षे पूर्ण भरलेलीही नाहीत, आणि त्याला गावात येऊ देऊ नये असा ठराव ग्रामसभेत मांडण्याचे घाटत आहे. तो ठराव घ्यावा का. मी मराठवाड्यातील सत्र न्यायालयांत वकिली करते. काही वर्षे सरकार पक्षातर्फे खटले चालवले आणि नंतरचा बराच काळ, ज्यांना स्वतःचा वकील लावणे परवडत नाही अशा आरोपींची बाजू विधी सेवा प्राधिकरणाच्या नेमणुकीने मांडली. दोन्ही बाजूंनी उभे राहून जे दिसले त्याच्या आधारे हे उत्तर लिहीत आहे.

मोर्चातील संतापाबद्दल आधी लिहिते. तो संताप खरा आहे आणि न्याय्यही आहे. आतमध्ये मुलीची साक्ष चालू असताना न्यायालयाच्या व्हरांड्यात पदराचा बोळा तोंडात धरून बसलेली तिची आई मी पाहिलेली आहे, आणि त्या आईपुढे सुधारणेवर व्याख्यान देण्याचा अधिकार कोणालाही नाही असेच मी मानते. परंतु मोर्चाने जी गोष्ट मागितली ती कायद्यात आधीपासून आहे. डिसेंबर २०१२ मधील दिल्लीच्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर २०१३ साली कायदा कडक झाला. २०१८ साली बारा वर्षांखालील मुलीवरील बलात्कारासाठी कमीत कमी वीस वर्षे आणि जास्तीत जास्त फाशी अशी तरतूद झाली. २०१९ साली बालकांवरील लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या पोक्सो कायद्यातही फाशी आली. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने या शिक्षा कायम ठेवल्या. महाराष्ट्र विधिमंडळाने डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर केलेले, महिला आणि बालकांवरील अत्याचारांसाठी शिक्षा आणखी कडक करणारे शक्ती विधेयक प्रत्यक्ष कायदा होऊ शकले नाही हे खरे, पण शिक्षा पुरेशी कडक नव्हती म्हणून आरोपी सुटला असे एकही प्रकरण माझ्या पाहण्यात नाही. आरोपी सुटतो तो गुन्हा शाबीत होत नाही म्हणून. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार बलात्काराच्या ज्या खटल्यांचे निकाल लागले, त्यांत शिक्षा होण्याचे प्रमाण सुमारे २७ टक्के होते. म्हणजे चारांतील जवळपास तीन आरोपी निर्दोष सुटत असताना आपण उरलेल्या एकाची शिक्षा वाढवण्यासाठी रस्त्यावर उतरतो.

खटले का पडतात, याची कारणे आपल्या भागात तरी कोणापासून लपलेली नाहीत. फिर्याद द्यायला घरचे लोक दोन-तीन दिवस लावतात, कारण गावातील चार माणसे मध्ये पडून मिटवायचे म्हणत असतात. जप्तीचा पंच उलटतपासणीत ‘सही पोलीस ठाण्यात घेतली’ असे सांगून मोकळा होतो. रक्ताचे आणि कपड्यांचे नमुने वेळेत सीलबंद झाले नाहीत, किंवा प्रयोगशाळेचा अहवाल साक्षी सुरू होईपर्यंत आलाच नाही, असे अजूनही घडते. खटला उभा राहतो तो ऐन हंगामात. दसऱ्यानंतर कोयता घेऊन साखर कारखान्यांकडे ऊसतोडीला गेलेले कुटुंब गुढीपाडव्याच्या सुमारास परतते, तोवर साक्षीदाराचे समन्स ‘मिळून आला नाही’ या शेऱ्यासह दोन-तीनदा परत आलेले असते. मुकादमाची उचल अंगावर असताना तारखेसाठी फड सोडून येणे त्या माणसाला परवडत नाही. त्यातही बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक गुन्ह्यांत आरोपी पीडितेच्या ओळखीचा असतो, पुष्कळदा नात्यातलाच असतो; आणि चुलत्याला किंवा मामाला फाशी होणार हे कळल्यावर घरातल्या घरात मुलीवर साक्ष फिरवण्यासाठी जो दबाव येतो तो मी जवळून पाहिलेला आहे. न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी २०१३ च्या अहवालात, देशभर फाशीची मागणी होत असतानाही, बलात्कारासाठी फाशीची शिफारस केली नव्हती. शिक्षा जितकी टोकाची, तितके न्यायाधीशही पुराव्यातील बारीकशा फटीपाशी थबकतात, आणि त्यांनी थबकलेच पाहिजे.

कायद्याची जरब कशाने बसते याचे आपल्याच भागातील उदाहरण देते. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे केवळ ८०७ मुली होत्या. गर्भलिंग निदानाविरुद्धचा कायदा तेव्हाही होता आणि पहिल्या गुन्ह्यासाठी तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूदही होती. पण सोनोग्राफी केंद्रात प्रत्यक्ष जाऊन कागद तपासणारे कोणी नव्हते. मे २०१२ मध्ये परळी येथील रुग्णालयात गर्भपाताच्या वेळी एका विवाहितेचा मृत्यू झाला, प्रकरण राज्यभर गाजले, आणि त्यानंतर केंद्रांची अचानक तपासणी, यंत्रांना सील ठोकणे, गर्भवतींच्या नोंदींचे अर्ज एकेक करून पडताळणे ही कामे सुरू झाली. कायद्यातील शिक्षा एका दिवसानेही वाढलेली नव्हती, तरी डॉक्टरांच्या वर्तुळात जी धास्ती बसली ती पूर्वी कधीच नव्हती. त्याच प्रकरणातील खटल्याचा निकाल मात्र २०१९ साली लागला. दहा वर्षांची कैद झाली, पण घटना आणि शिक्षा यांच्यामध्ये जवळजवळ सात वर्षे गेली. पकडले जाण्याची खात्री माणसाला रोखते. कधीतरी, कदाचित, पुष्कळ वर्षांनी होणारी मोठी शिक्षा फारशी रोखत नाही. गुन्हा करणारा पुस्तकातील कलम वाचून हात उगारत नाही, पण आपल्या ओळखीचा कोणी महिन्याभरात गजाआड गेला हे त्याला चांगले ठाऊक असते.

फाशीबद्दल आणखी एक प्रकरण सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. २००३ साली नाशिक जिल्ह्यात एका शेतवस्तीवर खून, दरोडा आणि बलात्काराचा अत्यंत भीषण गुन्हा घडला. त्यात भटक्या समाजातील सहा माणसांना अटक झाली; २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा ठरवली. पुढे त्यांच्यातील एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता हे निष्पन्न झाले, आणि मार्च २०१९ मध्ये त्याच सर्वोच्च न्यायालयाने, प्रकरण पुन्हा ऐकून, सहाही जणांना निर्दोष ठरवले आणि राज्य सरकारने प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यावेत असा आदेश दिला. सोळा वर्षे ही माणसे तुरुंगात होती. त्या कुटुंबावर अत्याचार करणारे खरे गुन्हेगार सोळा वर्षे मोकळे होते, ही बाब मला तितकीच भयंकर वाटते. संतापाच्या भरात कोणाला तरी लटकवण्याची घाई झाली की पीडिताला न्याय मिळत नाही. फक्त प्रकरण बंद होते.

आता ज्यांच्यासाठी सुधारणेची भाषा बोलली जाते ते लोक कोण, हे पाहू. मोर्चा ज्या आरोपीसाठी निघतो तशी माणसे तुरुंगात फार थोडी असतात. २०२२ च्या अखेरीस देशातील तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार माणसे होती, त्यांतील सुमारे ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होते. म्हणजे दर चारांतील तिघांचा गुन्हा अजून शाबीतच झालेला नव्हता. आपल्याकडील जिल्हा कारागृहांत बराकीत उभे राहून विचारले तर ऐकू येते ते मोटारसायकलची चोरी, विहिरीवरील मोटार आणि केबलची चोरी, दारू पिऊन झालेली मारामारी, बांधावरून भावकीत पडलेली कुऱ्हाड, आणि जामीन मंजूर होऊनही जामीनदार न मिळाल्यामुळे आत राहिलेला माणूस. जामीनदाराने सात-बारा उतारा किंवा ऐपतदाखला आणावा अशी अपेक्षा असते. ज्याच्या घरात सात-बारा नाही, ज्याचे सगळे नातेवाईक पालावर किंवा फडावर आहेत, त्याच्यासाठी पंधरा हजारांचा जामीन आणि पंधरा लाखांचा जामीन यांत काही फरक नसतो. १९७८ साली न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी एका गवंड्याच्या प्रकरणात नेमके हेच लिहिले होते. २०२३ पासून केंद्राच्या योजनेतून गरीब कच्च्या कैद्याच्या जामिनासाठी आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी मदत मिळू शकते, पण ती मागायची असते हे माहीत असलेले कैदी मला क्वचितच भेटले.

अशा कैद्यांच्या बाबतीत एक गोष्ट वारंवार घडते आणि तिच्याबद्दल बाहेर फारसे बोलले जात नाही. एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा विहिरीवरील मोटार चोरल्याच्या आरोपाखाली आत येतो. जामीनदार नसतो. चार-पाच महिने जातात. मग बराकीतील एखादा जुना माणूस त्याला सांगतो, की गुन्हा कबूल कर, भोगलेली कैद हीच शिक्षा धरतात, त्याच दिवशी सुटशील. मुलगा न्यायालयात हात जोडून कबुली देतो आणि सुटतो. चोरी त्याने केली होती की नाही, हे कोणी तपासलेलेच नसते. आई त्याला घरी घेऊन जाते आणि सगळ्यांना वाटते प्रकरण मिटले. प्रत्यक्षात त्याच्या नावावर शिक्षा चढलेली असते. यापुढे पंचक्रोशीत कुठेही मोटार गेली की पोलिसांची गाडी आधी त्याच्या दारात येते, भरतीच्या अर्जावर तो अडतो, आणि बराकीत ज्यांच्या शेजारी झोपला ते सराईत लोक त्याचे फोन नंबर ठेवून असतात. त्या मुलाला कोणी कठोर शिक्षा दिली नाही आणि कोणी सुधारलेही नाही. राज्याने चार-पाच महिने त्याला सांभाळले आणि अधिक धोकादायक करून परत दिले.

आणि यासाठी उपाय नव्हता असे नाही. अपराध्याला तुरुंगाऐवजी देखरेखीखाली बाहेर ठेवण्याची, म्हणजे परिवीक्षेची, सोय करणारा अपराधी परिवीक्षा अधिनियम १९५८ साली झाला. एकवीस वर्षांखालील आरोपीचा गुन्हा जन्मठेपेस पात्र नसेल तर त्याला सहसा तुरुंगात पाठवू नये, आणि पाठवायचेच असेल तर न्यायाधीशाने त्याची कारणे लिहावीत, असे त्याचे सहावे कलम सांगते. चौथ्या कलमाखाली चांगल्या वर्तणुकीचे बंधपत्र घेऊन, जास्तीत जास्त तीन वर्षे परिवीक्षा अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली सोडता येते. बाराव्या कलमाने दोषसिद्धीमुळे चिकटणारी अपात्रताही दूर होते. परिवीक्षा अधिकाऱ्याने मुलाच्या घरी जाऊन, शाळेत, शेजारी, पोलीस पाटलांकडे चौकशी करून अहवाल द्यायचा असतो. हा अहवाल नीट केलेला असेल तर त्यातून न्यायाधीशाला जे कळते ते दोषारोपपत्राच्या शंभर पानांतून कळत नाही: बाप कधी वारला, कर्ज कोणाचे, दारू कोणाची, मुलगा चोरी करण्याआधी कामाला कुठे जात होता. परंतु असे अधिकारी मोजके, त्यांच्याकडे बालकांच्या प्रकरणांचा भार, फिरायला वाहन नाही. आणि वकीलही, मी धरून, बऱ्याचदा निर्दोष सुटकेसाठी इतके भांडतात, की शिक्षेच्या मुद्द्यावर बोलायची वेळ येते तेव्हा ‘आरोपी गरीब आहे, घरात एकटाच कमावणारा आहे’ या एका ओळीवर थांबतात. त्यातून कबुलीचे प्रकरण असेल तर अहवाल मागवण्याची वेळच येत नाही.

नव्या न्याय संहितेत समाजसेवेची शिक्षा आली हे पाऊल मला मनापासून स्वागतार्ह वाटते, पण तिचा परीघ फार लहान आहे. चोरीपुरते पाहिले, तर माल पाच हजार रुपयांच्या आतला असावा, आरोपीची पहिलीच दोषसिद्धी असावी आणि माल किंवा त्याची किंमत परत मिळालेली असावी. विहिरीवरील पाणबुडी मोटार पाच हजारांत कोठेही येत नाही. म्हणजे आपल्या भागात तरुण पोरे ज्या चोरीत सर्वाधिक अडकतात तीच या तरतुदीबाहेर राहते. तसेच, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला सोडावे असे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याचे, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेचे, कलम ४७९ सांगते, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा लाभ जुन्या प्रकरणांनाही दिला. मात्र एकापेक्षा अधिक प्रकरणे प्रलंबित असतील तर हे कलम लागू होत नाही. सापडलेल्या एका मुलाच्या नावावर आसपासच्या ठाण्यांतील न उलगडलेल्या चोऱ्या ‘दाखवल्या’ की कायद्याचा तो दरवाजा बंद होतो.

पारधी आणि इतर विमुक्त समाजांच्या मुलांच्या बाबतीत हे सारे दुप्पट लागू पडते. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली रद्द झाला, पण पालावर पहाटे पडणारी धाड थांबलेली नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांतील जातीवर आधारित तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या, आणि विमुक्त जमातींना जन्मानेच सराईत मानणाऱ्या नोंदींनाही हरकत घेतली. ज्याला गुन्हा करण्यापूर्वीच गुन्हेगार ठरवले आहे त्याला कठोर शिक्षेची भीती ती काय घालणार?

सुधारणा म्हणजे तुरुंगात प्रवचन आणि योगासने, असा समज असेल तर तो सोडून द्यावा. कैद्याला परत माणसात आणणाऱ्या गोष्टी मला तीनच दिसल्या: अंगात शीण येईल असे खरे काम, घरच्यांशी न तुटलेला संबंध, आणि सुटल्यावर पहिल्या काही महिन्यांत हाताशी असलेले उत्पन्न. पैठणचे खुले कारागृह आपल्याच भागात आहे. बंद कारागृहात काही वर्षे चांगले वर्तन ठेवलेल्या, दीर्घ शिक्षेच्या कैद्यांना तिथे निवडून पाठवतात. ते शेती करतात, त्यांना माफीचे, म्हणजे शिक्षेतून कमी होणारे, दिवस अधिक मिळतात, आणि पळून जायला उंच भिंत आड येत नसतानाही ते तिथे राहतात. औंध संस्थानात राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि पोलिश अभियंते मॉरिस फ्रिडमन यांनी १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूरला जो प्रयोग केला, त्यात तर कैदी कुटुंबासह राहत, आणि ती वसाहत आजही चालू आहे. खुनाच्या गुन्ह्यातील माणसे तिथे बायकामुलांसह भाजीपाला पिकवत आली आहेत. हे दया दाखवण्यासाठी केलेले नाही. दहा-बारा वर्षे बेल वाजली की उठायचे, बेल वाजली की जेवायचे अशा शिस्तीत राहिलेल्या माणसाला स्वतःचा दिवस स्वतः आखण्याची सवय पुन्हा लावावी लागते, आणि ती सवय सुटकेच्या दिवशी एकाएकी येत नाही.

घरच्या संबंधाचे म्हणाल तर किनवटकडचा कैदी छत्रपती संभाजीनगरच्या हर्सूल मध्यवर्ती कारागृहात असेल, तर त्याच्या बायकोला एका मुलाखतीसाठी तीनशे किलोमीटरहून अधिक प्रवास करून दोन दिवसांची मजुरी बुडवावी लागते. तीन-चार वर्षांत ती येणे बंद होते आणि तिथून माणूस घसरायला लागतो. महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने २०२२ साली येरवड्यातून सुरू केलेल्या ‘जिव्हाळा’ योजनेत कैद्याला त्याच्या तुरुंगातील मजुरीच्या आधारावर पन्नास हजारांपर्यंत कर्ज मिळू लागले. मुलीच्या फीसाठी आतून पैसे पाठवू शकलेला बाप सुटून आल्यावर घरात परका राहत नाही. मला ही योजना मोठमोठ्या भाषणांपेक्षा मोलाची वाटते.

मी कठोरतेच्या विरोधात आहे असे आपण समजू नये. गोदाकाठची वाळू उपसणाऱ्या टोळ्या, तलाठ्याच्या अंगावर ट्रॅक्टर घालणारे, पवनचक्की आणि कारखान्यांकडून खंडणी उकळणारे, राजकीय आश्रयाने गावे दहशतीत ठेवणारे यांच्या बाबतीत परिवीक्षा, समुपदेशन वगैरे शब्द मी तोंडातूनही काढणार नाही. त्यांचा गुन्हा हा हिशेब करून चालवलेला धंदा आहे, आणि तो धंदा तोट्यात आणणे हाच उपाय आहे: लवकर खटला, साक्षीदारांना २०१८ च्या योजनेप्रमाणे खरे संरक्षण, गुन्ह्यातून मिळवलेल्या मालमत्तेची जप्ती, आणि दीर्घ कैद. वारंवार लैंगिक गुन्हे करणाऱ्याला समाजापासून वर्षानुवर्षे दूर ठेवणे हेही मला योग्य वाटते. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे ही समजूत चुकीची आहे. जन्मठेप आयुष्यभराची असते. ज्या गुन्ह्याला फाशीही देता येते त्यात प्रत्यक्ष चौदा वर्षे भोगण्यापूर्वी शिक्षेतील माफीने सुटका होत नाही, आणि त्यानंतरही सरकारने प्रत्येक प्रकरण तपासूनच निर्णय घ्यायचा असतो. माझा आक्षेप आहे तो संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या मकोका कायद्याच्या लायकीच्या माणसासाठी घडवलेली कठोरता मोटार चोरणाऱ्या पोरावर खर्च होते आणि टोळीचा म्होरक्या जामिनावर मिरवतो, या उलट्या व्यवहाराला.

आणि पीडित? कठोर शिक्षा मागणारे आणि सुधारणा मागणारे दोघेही शेवटी आरोपीबद्दलच बोलत असतात. बलात्कार, बालकांवरील अत्याचार आणि ॲसिड हल्ल्याच्या पीडितांसाठी मनोधैर्य योजनेत दहा लाखांपर्यंत साहाय्य आहे. इतर गुन्ह्यांतही पीडितांना नुकसानभरपाई देण्याची योजना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे असते. २०१३ साली महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की भरपाईचा विचार प्रत्येक फौजदारी खटल्यात न्यायालयाने केलाच पाहिजे. त्याआधी १९९८ साली, कैद्यांना योग्य मजुरी द्यावी आणि तिचा काही भाग पीडितांसाठी राखावा असेही त्याच न्यायालयाने सुचवले होते. ज्या मुलीसाठी आपण मोर्चा काढला तिच्या कुटुंबाचा अर्ज प्राधिकरणाकडे गेला आहे का, तिची शाळा सुरू आहे का, आणि तिची आई येत्या हंगामात तोडीला गेली तर मुलगी कोणाजवळ राहील, हे तिघा-चौघांनी मिळून आजच विचारावे. खटला उभा राहील त्या दिवशी त्या मायलेकी न्यायालयात येऊ शकल्या पाहिजेत, आणि त्याची तजवीज मोर्चापेक्षा अवघड आहे.

आता आपल्या गावच्या माणसाबद्दल. ठराव घेऊ नये, आणि घेतला तरी त्याला कायद्यात किंमत नाही. भारतात कोठेही राहण्याचा हक्क घटनेने दिलेला आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली हद्दपारीचा आदेश ठरलेले अधिकारी काढू शकतात, तोही कारणे नोंदवून, म्हणणे ऐकून आणि जास्तीत जास्त दोन वर्षांसाठी. ग्रामसभेला तो अधिकार नाही. जातीच्या पंचांनी बहिष्कार घातला तर २०१६ च्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्याने तो स्वतंत्र गुन्हा होतो आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सात वर्षे पूर्ण न भरण्याचे कारण माफी हे आहे. काम आणि वर्तणूक यांवर ती नियमाने मिळते आणि अटकेत काढलेले दिवसही शिक्षेत धरले जातात. कोणी मेहेरबानी केलेली नाही.

तो कायद्याने गावाचा आहे आणि येणारच आहे, तेव्हा येण्यापूर्वी काय करावे एवढाच प्रश्न उरतो. शिक्षेच्या काळात तो संचित किंवा अभिवचन रजेवर (फर्लो किंवा पॅरोलवर) येऊन गेला असेल. तेव्हा तो कसा वागला, वेळेवर हजर झाला का, हे पोलीस पाटलांना माहीत असते, आणि गावातील कुजबुजीपेक्षा त्या माहितीवर विसंबावे. ज्याच्यावर हल्ला झाला त्याचे घर भीतीत आहे हे मी गृहीत धरते, आणि त्या भीतीला पहिला मान आहे. त्यांनी पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्यावा. शांतताभंगाची खरी शक्यता दिसली तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली कार्यकारी दंडाधिकारी त्याच्याकडून एक वर्षापर्यंतचे बंधपत्र घेऊ शकतात. जखमीला भरपाई मिळाली नसेल तर प्राधिकरणाकडे आताही विचारणा करावी. सुटणाऱ्या माणसाच्या भावांशी आपल्यापैकी कोणी वडीलधाऱ्याने बोलून त्याला पहिले काही महिने काम कोण देणार हे ठरवून घ्यावे; रिकामा बसलेला माणूस पारावर बसतो आणि तिथे जुनी गोष्ट उकरून काढणारे भेटतात.

सगळ्यात महत्त्वाचे काम मात्र बांधाचे आहे. फौजदारी न्यायालयाने कुऱ्हाड कोणी मारली एवढेच ठरवले. बांध कोठे आहे हे त्या खटल्यात कोणी ठरवलेले नाही, ते त्याचे कामही नव्हते, आणि आपल्या पत्रावरून तो वाद इतक्या वर्षांत तसाच पडून आहे असे दिसते. दोन्ही घरांना एकत्र बसवणे शक्य नसेल तरी कोणत्याही एका घराला भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करता येतो, आणि जलद मोजणीचे शुल्क जास्त असते तेवढे ग्रामस्थांनी वर्गणीने भरायला हरकत नाही. मोजणीच्या दिवशी दोन्हीकडचे लोक, पोलीस पाटील आणि लगतचे खातेदार हजर ठेवावेत, हद्दीचे दगड त्याच दिवशी रोवून घ्यावेत आणि नकाशाची प्रत दोन्ही घरांना द्यावी. पाऊस उघडल्यावर, सोयाबीन निघाले की रान मोकळे होते आणि पेरणीपूर्वी मोजणीला जागा मिळते. दिवाळीआधीचे तेवढेच दिवस आपल्या हातात आहेत, तेव्हा अर्ज या आठवड्यातच द्यावा.